हे कुणी केलंय?

प्लंबर, वायरमन, सुतार, गवंडी, रंगारी यांचे दर वेगळे, हत्यारं वेगळी, गावाला जायचे महिने वेगळे. पण तुमच्या घरात पाऊल टाकल्यावरचं पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच. कमरेवर हात, मान जराशी तिरकी, नजर भिंतीवर आणि मग अत्यंत दुखावलेल्या आवाजात, "हे कुणी केलंय?"

वाक्याला प्रश्नचिन्ह असतं, पण उत्तराची अपेक्षा नसते. त्यामागोमाग एक उसासा येतो. बिलात पुढे 'इतर' म्हणून जी रक्कम लागते, ती बहुधा त्या उसाशाची असावी.

मी नवखा होतो, म्हणून पहिल्या वेळी खरंच उत्तर दिलं. "आधीच्या मालकांनी केलंय. आम्ही नुकतंच घर घेतलंय." प्लंबरने हातातली पान्ह्यांची पिशवी सावकाश खाली ठेवली, चप्पल काढली आणि सगळं घर एकदा फिरून पाहिलं. आल्यापासून त्याची निघायची घाई चालली होती. 'नुकतंच घर घेतलंय' हे ऐकल्यावर त्याला जगात कसलीच घाई उरली नाही.

आमची ऐपत आणि आमच्या अपेक्षा यांची गाठ कोथरूडच्या आतल्या बाजूला, 1992 साली बांधलेल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पडली. महाराष्ट्रात एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पुण्यात सातऐवजी सहा टक्के. साठ लाखांच्या घरावर साठ हजार वाचतात. बायकोने हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, मी मान डोलावली आणि घर तिच्या नावावर झालं. तेव्हापासून गॅलरीतून दिसणारी टेकडी तिची आणि बाथरूममधली गळती माझी, अशी सरळ वाटणी आहे.

व्यवहार मे महिन्यात झाला. घरं मे महिन्यातच विकली जातात, यामागचं शास्त्र मला जूनमध्ये कळलं. एजंट म्हणाला होता, "मालकांनी आत्ताच एक हात रंगाचा मारलाय. तुम्ही फक्त सामान टाका आणि राहायला या." आम्ही दारातच खोल श्वास घेतला. नव्या रंगाचा वास किती छान, असं आमचं दोघांचं एकमत झालं. तो पुरावा नष्ट केल्याचा वास होता, हे पहिला पाऊस पडल्यावर उघड झालं.

पुण्यात पावसाळ्यात पेपर उघडला की आधी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचा साठा किती टक्के झाला ते बघायचं, अशी रीत आहे. त्या चौघांबरोबर आमच्या बेडरूमच्या भिंतीचा साठाही वाढू लागला. आधी खिडकीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग आला. मग त्याच्या कडेने रंग फुगला, मग पोपडे सुटले आणि पोपड्यांखाली निळा रंग दिसला, निळ्याखाली पिस्ता, पिस्त्याखाली गुलाबी. म्हणजे आधीच्या प्रत्येक मालकाने घर विकण्यापूर्वी एकेक हात मारला होता.

नवं घर बघायला येणारे पाहुणे हल्ली पेढे घेत नाहीत, थेट भिंतीजवळ जातात. पोराचा ताप बघावा तसा पालथा हात डागावर टेकवतात, क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "ओल आहे." माझ्या मेहुण्याने हात न लावता लांबूनच निदान केलं. "रेराकडे जा की! बिल्डरला सोडू नका!" मी त्याला समजावलं की, रेराप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आमच्या इमारतीचा ताबा 1992 चा. तेव्हा मोफा कायदा होता आणि त्यात मुदत तीन वर्षांची. म्हणजे मी 1995 पर्यंत तक्रार करायला हवी होती. "मग केली का नाही?" मेहुणा म्हणाला. 1995 साली मी शाळेत होतो, हे उत्तर त्याला पुरेसं वाटलं नाही.

एवढ्यात खालच्या काकू वर आल्या. हातात वाटी होती, त्यामुळे मला वाटलं काहीतरी गोड आणलंय. वाटीत पाणी होतं. "हे तुमचं," असं म्हणून त्यांनी ती वाटी माझ्या हातात दिली. "आमच्या बाथरूममध्ये पडतंय. कालपासून."

इथे पाण्याच्या नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहिला. सोसायटीच्या उपविधींत याचा खुलासा आहे: पाणी बाहेरच्या सामाईक पाइपातून किंवा पावसाचं आलं तर दुरुस्ती सोसायटीची, घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमधून गळलं तर सभासदाची. कागदावर हे फार सोपं आहे. पण थेंब पडताना आपण कुठून आलो ते सांगत नाही. सेक्रेटरींनी काकूंच्या बाथरूममध्ये उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाले, "आतलं आहे." मी म्हणालो, "बाहेर पाऊस पडतोय हो." ते म्हणाले, "तो योगायोग."

बेडरूमच्या भिंतीचं पाणी मात्र बाहेरून येत होतं, म्हणजे ते सोसायटीचं. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "लेखी अर्ज द्या. पावसाळा संपला की बघू."

मग प्लंबर. त्याने बाथरूमची भिंत बोटाने वाजवत नेली आणि एका टाइलशी थांबला. "कन्सिल्ड लाइन इथूनच गेलीय. फोडावं लागेल." मी विचारलं, "किती?" तो म्हणाला, "फोडल्यावर कळेल." आणि माझा चेहरा पाहून धीर द्यायला म्हणाला, "घाबरू नका साहेब, फोडायचं काम आपलं. बसवायला मात्र लादीवाला बघा. त्या भानगडीत आपण पडत नाही."

भिंतीतून जो पाइप निघाला तो मी अजून जपून ठेवलाय. जुना जीआयचा, गंज धरलेला. बाहेरून जाडजूड आणि भारदस्त. आत बघितलं तर गंजाचे थरावर थर साचून जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलेलं आणि एका बाजूला जिथून पाणी काकूंकडे जात होतं तिथे सुईच्या टोकाएवढं दुसरं. नळाला धार का येत नाही याचा उलगडा झाला. आधीच्या मालकांनी, "या भागात पाण्याचं प्रेशरच कमी आहे हो," असं सांगितलं होतं. महापालिका उगाच बदनाम झाली.

"हे कुणी केलंय?" प्लंबर म्हणाला. मग त्याने सामानाची यादी तोंडी सांगितली. "एक पाऊणाची फीमेल आणा, दोन अर्ध्याच्या एल्बो, एक रिड्यूसर, अँगल कॉक, टेफ्लॉन. आणि एक निपल." मी ती यादी मोबाइलवर टिपून घेतली. ती अजून पुसलेली नाही आणि मुलगी माझा मोबाइल घेते तेव्हा मला धडकी भरते.

हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकांचे दोन वर्ग असतात. एक, प्लंबर. त्याला आत घेतात, चहा पाजतात. दुसरा, घरमालक. त्याला काउंटरपाशी उभं करून त्याची परीक्षा घेतात.

"पाऊणाची फीमेल द्या."

"पितळी की साधी?"

"साधी... म्हणजे चांगली."

"एका बाजूला जीआय आहे का?"

"आहे. म्हणजे होता."

"मग साधी कशाला मागता? पितळी आट्याची लागेल. एल्बो कोणती घेणार, सीपीव्हीसी की यूपीव्हीसी?"

"कुठली लागते?"

"ते तुमच्या घरात काय आहे त्यावर." एवढं बोलून दुकानदाराने माझ्या मागे उभ्या असलेल्या एका मळकट टी-शर्टातल्या मुलाकडे पाहिलं. तो मुलगा गालात हसला आणि "अर्ध्याची, गरमची," एवढे दोनच शब्द बोलून माझ्या आधी सामान घेऊन गेला. मी बँकेत आहे, सही करून लोकांना गृहकर्ज देतो. तरी त्या काउंटरवर माझी पत त्या मुलाच्या चिमटीएवढीही नव्हती.

शेवटी दुकानदाराने शहाणपणाचा सल्ला दिला, "नमुना आणत जा." म्हणून मी पुढच्या वेळी गंजका पाइप, तुटका कॉक आणि एक ओळख न पटलेला रबराचा तुकडा पिशवीत घालून नेला. आणलेलं सामान पाहून प्लंबर म्हणाला, "हे कुणी दिलं?" तोवर मला कळून चुकलं होतं की बरोबर सामान आणणं शक्यच नसतं. सामान बदलून आणायला मालकाला पाठवायचं आणि त्या वेळात निवांत मोबाइल बघायचा, ही त्यांच्या कामाची पद्धत आहे.

पाइप बदलला. धार अशी आली की पहिल्या दिवशी बादली भरायच्या आत मी घाबरून नळ बंद केला. पण काकूंची वाटी काही थांबेना.

"सगळं बदललं ना?" मी प्लंबरला फोनवर विचारलं. मागून एसटीच्या घोषणा ऐकू येत होत्या. तो म्हणाला, "ते आत साठलेलं पाणी असणार. बाथरूमच्या खाली खड्डा असतो, त्यात विटांचे तुकडे घालून कोबा केलेला असतो. तिथे मुरलंय. ते संपेल."

"कधी?"

"संपलं की थांबेल."

या उत्तरात चूक काढता येत नाही. काकूंना मी ते शब्दशः सांगितलं. त्यांनी मला दुसरी वाटी आणून दिली.

मग रंगाच्या पाण्याची चाचणी ठरली. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा कोंबायचा, जमिनीवर रंगीत पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते खाली कुठे उतरतं ते बघायचं. गळती शोधायची ही खरीखुरी पद्धत आहे, मी माझ्या मनाचं सांगत नाही. घरात खायचा गुलाबी रंग होता, तो टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, सेक्रेटरी, प्लंबर आणि काकू असे चौघे त्यांच्या बाथरूममध्ये माना वर करून उभे राहिलो. छत पांढरंशुभ्र. सेक्रेटरी माझी पाठ थोपटणार, इतक्यात शेजारच्या फ्लॅटमधून हाक आली. त्यांच्या किचनमध्ये, ओट्याच्या बरोबर वर, गुलाबी ढग उमटला होता. पाणी स्लॅबमध्ये एकीकडे शिरतं आणि वाट फुटेल तिकडे निघतं. आमचं पाणी भिंत ओलांडून तिरकं गेलं होतं, तिथल्या तिथे उतरण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

"मग आमच्याकडे पडतंय ते कुणाचं?" काकूंनी विचारलं.

सगळ्यांनी नकळत तिसऱ्या मजल्याच्या दिशेने पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यातच उभे होते. ते म्हणाले, "मी पाणीच वापरत नाही."

बाथरूमची जमीन नव्याने करायचं ठरलं आणि एका भिंतीतल्या गळतीसाठी बोलावलेला माणूस अख्खं घर कसं उघडतो हे मी पाहिलं. आठ-बाय-बाराच्या जुन्या टाइलचं डिझाइन केव्हाच बंद पडलेलं, म्हणून सगळ्या भिंतींच्या टाइल काढायच्या. टाइल काढल्या तर दार कशाला ठेवता, खालून कुजलंय. दार काढलं तर चौकटीत वाळवी. वाळवीचा माग घेत गेलो तर ती हॉलमधल्या त्या भव्य शोकेसपर्यंत पोचली, जी आधीच्या मालकांनी 'तुम्हाला म्हणून' फुकट दिली होती. बायकोने तिच्यावर टकटक केलं. आतून जो आवाज आला तो लाकडाचा नव्हता. सुतार बघून म्हणाला, "आता फक्त सनमायका उभाय. हे कुणी केलंय?" इथे उत्तर 'वाळवीने' असं होतं, पण मी गप्प बसलो.

मधल्या काळात वायरमन येऊन गेला. नव्या नियमाप्रमाणे आरसीसीबी बसवून घ्या, असं त्याचं म्हणणं पडलं. तीस मिलीअँपियर वीज कुठे गळली तरी तो खटका खाली पडतो आणि माणूस वाचतो. म्हणजे विजेचीसुद्धा गळतीच! तो बसवला आणि पहिल्या तासात घर अंधारात गेलं. दुसऱ्या तासात पुन्हा. कारण असं निघालं की न्यूट्रल कुणीतरी भलतीकडेच बांधून टाकला होता आणि अर्थिंग म्हणून जी हिरवी वायर दिसत होती ती भिंतीत दोन इंच जाऊन संपत होती. वायरमन बराच वेळ त्या हिरव्या टोकाकडे बघत राहिला. या वेळी त्याने काही विचारलंदेखील नाही.

त्याने सगळी बटणं नीट लावून दिली. फक्त बेडरूमच्या बोर्डावरचं एक बटण कशाचं आहे हे अजून कळलेलं नाही. ते दाबलं की काहीही होत नाही; निदान आमच्याकडे. वरचे काका म्हणतात, त्यांचा पंखा हल्ली मधूनच बंद पडतो.

अशा वेळी आधीच्या मालकांना फोन करावासा वाटतोच. मी केला. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "कॉक? आम्हाला कधी बंद करायची वेळच आली नाही." मी गळतीचं सांगितलं. "आम्ही होतो तेव्हा असं काही नव्हतं हो." मी वाळवीचं सांगितलं. "आम्ही होतो तेव्हा तिचा आम्हाला काही त्रास नव्हता." मग आवाज खाली आणून अगदी घरच्यासारखं म्हणाले, "गीझर चालू झाला नाही तर डाव्या अंगाला एक हलकीशी चापट मारा. आणि नवीन काही करू नका. त्या घराला सवय नाही."

सोसायटीचे नियम सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक पुणेकराला ते पाठ आहेत. दुपारी ठोकाठोक नाही, लिफ्टमधून राडारोडा नाही, जिन्यात सिमेंट सांडायचं नाही आणि अनामत रक्कम आधी. आमचं बाथरूम गोण्यागोण्यांनी जिना उतरत होतं तेव्हा प्रत्येक मजल्यावरचं दार किलकिलं होऊन गोण्या मोजत होतं.

खरी कमाल किचनमध्ये झाली. ओट्याखालची फरशी उचलताना मिस्त्रीची छिन्नी कशावर तरी खणकन आपटली. मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. आग्नेय कोपरा होता. तांब्याची छोटी डबी निघाली. आत वास्तुपुरुषाची प्रतिमा, काळे पडलेले धान्याचे दाणे आणि एक पोवळं. काम थांबलं. आमच्या गुरुजींना बोलावलं. त्यांनी उपरणं सावरलं, चष्मा चढवला, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे कुणी केलंय?"

वास्तुपुरुष पालथा असायला हवा आणि त्याचं डोकं ईशान्येला. हा उताणा पडला होता आणि त्याचं डोकं, गुरुजींच्या हिशेबाने, सिंकच्या पाइपाकडे होतं. "गळणारच," गुरुजी म्हणाले. एवढ्या दिवसांत गळतीचं इतकं ठाम निदान कुणीच केलं नव्हतं, त्यामुळे मलाही बरं वाटलं. त्यांनी साहित्याची यादी सांगितली. मी सवयीने विचारलं, "नमुना देता का?"

वास्तुशांत झाली, काम झालं, काकूंचं छत वाळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कुणाला न सांगता स्वतःचं बाथरूम करून घेतलं, त्याचा या वाळण्याशी संबंध नसावा. पुढच्या पावसाळ्याआधी किचनचा नळ ठिबकायला लागला म्हणून मी त्याच प्लंबरला बोलावलं. तो आला, सिंकखाली वाकला आणि आतूनच ओरडला, "अरे देवा! हे कुणी केलंय?"

"तुम्हीच," मी म्हणालो. या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली होती.

तो बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. "मग सामान तुम्ही आणलं असणार."

तर तुम्हीही घर बघत असाल तर मेमध्ये बघू नका. जुलैत जा, भर पावसात जा. आपल्याला हवा तो मजला सोडून आधी त्याच्या खालच्या मजल्यावरची बेल वाजवा, प्यायला पाणी मागा आणि ते देणारी बाई आत गेली की छताकडे बघून घ्या. नव्या रंगाचा वास आला तर एजंटला दारातूनच नमस्कार करा. फर्निचर फुकट मिळत असेल तर वाजवल्याशिवाय हो म्हणू नका. एवढं करून घर पसंत पडलंच तर घेऊन टाका, आम्हीही मजेत आहोत. फक्त आमच्या प्लंबरचा नंबर मागू नका. मी द्यायला तयार आहे, पण तो उचलत नाही.